काडावर बुरशी वाढवून वैरण: टक्के वाढतात, पण पचणारं किती उरतं?

गव्हाण (धागाकर्ता)

काडावर पांढरी बुरशी वाढवली की वैरण सुधारते, हे आता बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. सोबत बहुतेक वेळा दोन आकडे असतात: प्रथिनं इतकी वाढली, पचनीयता इतकी वाढली. हे आकडे खोटे नसतात. पण एक गोष्ट त्यांत सांगायची राहते आणि सगळं तिच्यावरच अवलंबून आहे, म्हणून हा धागा.

आधी काडाची अडचण काय ते. गव्हाचं काड घ्या की भाताचा पेंढा, कोरड्या वजनातला ६० टक्क्यांच्या आसपास भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजचा असतो. दोन्ही साखरेच्याच साखळ्या. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव त्या तोडू शकतात. पण काडाला कडकपणा देणारं लिग्निन या साखळ्यांना असं घट्ट चिकटलेलं असतं की सूक्ष्मजीवांच्या विकरांना आत शिरायला वाटच सापडत नाही. लिग्निन फोडायला प्राणवायू लागतो आणि कोठीपोटात तो जवळजवळ नसतो. त्यामुळे बरीचशी ऊर्जा न वापरता शेणावाटे बाहेर पडते.

लिग्निन मुळापासून फोडण्यात सगळ्यांत तरबेज जीव म्हणजे पांढरी कुज करणाऱ्या बुरशी. धिंगरी आळिंबी त्यातलीच. लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज, लिग्निन पेरॉक्सिडेज ही त्यांची विकरं. शेवटचं विकर १९८३ मध्ये फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या बुरशीत सापडलं आणि तेव्हापासून या विषयावरच्या कामाला वेग आला.

हे माणसाच्या आधी जंगलानेच करून दाखवलं आहे. दक्षिण चिलेच्या ओल्या, थंड जंगलांत पडलेल्या झाडांचे ओंडके गॅनोडर्मा गटातल्या बुरशीने कुजतात. लिग्निन इतकं निघून जातं की मागे पांढरं, मऊ सेल्युलोज राहतं आणि गुरं ते खातात. पालो पोद्रिदो नावाने ते ओळखलं जातं. एरवी लाकडातून गुराला काहीही मिळत नाही, म्हणून मला हे फार विलक्षण वाटतं.

आता राहून जाणारी गोष्ट. नुसत्या लिग्निनवर या बुरशी जगू शकत नाहीत. ते फोडायला लागणारी ऊर्जा त्या काडातल्या साखरेतूनच घेतात, मुख्यतः हेमिसेल्युलोजमधून. ती साखर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन उडून जाते. म्हणजे जनावराच्या आधी बुरशी जेवते.

हिशेब असा. समजा १०० किलो कोरडं काड आहे आणि त्याची पचनीयता ४५ टक्के. पचणारा भाग ४५ किलो. बुरशीने २५ टक्के वजन खाल्लं आणि पचनीयता ६० टक्क्यांवर गेली. उरलं ७५ किलो, त्यातलं पचणारं पुन्हा ४५ किलोच! कागदावर १५ टक्क्यांची सुधारणा, गव्हाणीत मात्र तेवढंच. घट १५ टक्क्यांवर थांबवता आली तर ८५ किलोतले ५१ किलो पचतील, म्हणजे खरा फायदा. घट ३० टक्के झाली आणि पचनीयता ५५ पर्यंतच चढली तर ३८.५ किलो, म्हणजे होतं त्यातलंही गेलं.

माझं म्हणणं एवढंच की या विषयावर बोलताना पहिला आकडा कोरड्या वजनातल्या घटीचा हवा. तो नसेल तर बाकीच्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही. ज्यांनी हे केलं आहे किंवा अभ्यासलं आहे त्यांनी लिहावं.

~~~

रवंथ

चांगला विषय. पण मूलभूत शंका. बुरशी लागलेली वैरण जनावराला घालू नका, हे आपण कायम सांगतो. मग इथे मुद्दाम बुरशी लावायची? वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

~~~

दावण

रवंथ, ही शंका सगळ्यांत आधी यायला हवी होती. जनावरांच्या दवाखान्यात काम करत असल्याने यावर सविस्तर लिहिते.

बुरशी म्हणजे एक वस्तू नव्हे. भिजलेल्या पेंढ्यावर आपोआप येणारी बुरशी आणि निर्जंतुक केलेल्या काडावर शुद्ध बेणं लावून वाढवलेली धिंगरी यांची तुलनाच होत नाही. आपोआप येणाऱ्यांत ॲस्परजिलस फ्लेव्हस असू शकते, ती अफलाटॉक्सिन तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून हे विष पहिल्यांदा उजेडात आलं. दुभत्या जनावराने अफलाटॉक्सिन बी१ खाल्लं की त्याचा काही अंश एम१ होऊन दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. युरोपीय संघाने दुधात एम१ ची मर्यादा किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, एवढी ती गोष्ट गंभीर आहे.

दुसरं उदाहरण थेट पेंढ्याचंच. भाताचा ओला राहून बुरसटलेला पेंढा खाणाऱ्या म्हशींत डेगनाला नावाचा रोग दिसतो. शेपटीचं टोक, कानांच्या कडा, खुरांच्या वरचा भाग सुजतो, काळा पडतो, सडून गळतो. फ्युजेरियम बुरशीच्या विषांशी तो जोडला जातो. अशी म्हैस ज्याने पाहिली आहे तो 'बुरशीने वैरण सुधारते' हे वाक्य ऐकून दचकणारच.

म्हणून माझी अट कडक आहे. पिशवीत पांढऱ्याशिवाय दुसरा कुठलाही रंग दिसला, मग हिरवा असो, काळा, पिवळा की गुलाबी, तर ती पूर्ण पिशवी खतात. रंगीत भाग काढून उरलेलं घालायचं नाही, कारण विष डोळ्यांना दिसणाऱ्या डागापुरतं थांबत नाही. वासही बघा. धिंगरीचा वास ताज्या आळिंबीसारखा असतो. कुबट किंवा आंबूस वास आला तर तेही खतात.

आणि माणसाची काळजी. बुरसटलेलं काड हलवताना उडणारी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. धिंगरीचे बीजाणूही काहींना त्रास देतात. नाकातोंडावर चांगला मास्क हवाच.

~~~

रवंथ

धन्यवाद दावणताई. हे मूळ लेखातच जोडा असं गव्हाण यांना सुचवतो.

~~~

नवशिका

प्रथिनांबद्दल कुणी सांगेल का? एका ठिकाणी वाचलं की बुरशीमुळे काडातली प्रथिनं दीडपट होतात. बुरशी प्रथिनं तयार करते ना?

~~~

गव्हाण

नवशिका, प्रथिनं ती तयार करते, पण त्यासाठीचा नायट्रोजन आणणार कुठून? या बुरशी हवेतला नायट्रोजन घेऊ शकत नाहीत. काडात जेवढा होता तेवढाच आहे.

मग टक्के का वाढतात? १०० किलो काडात ४ टक्के कच्ची प्रथिनं, म्हणजे ४ किलो. वजन ७५ किलोवर आलं, प्रथिनं ४ किलोच, टक्केवारी ५.३. बाकीचं उडून गेलं म्हणून प्रथिनं जास्त दिसतात. वरून युरिया, कोंडा किंवा पेंड मिसळून वाढ दाखवली असेल तर आधी त्यातला नायट्रोजन वजा करा.

~~~

सूक्ष्मदर्शी

गव्हाण यांच्या म्हणण्याला एक जोड. प्रयोगशाळेत कच्ची प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, त्यातही नायट्रोजन असतो. न्यूक्लिक आम्लांतही असतो. गुणाकारात हे सगळं 'प्रथिनं' म्हणून धरलं जातं. खरी प्रथिनं वेगळी मोजून मागता येतात, ती मागावीत. तरीही नायट्रोजनाचं रूप बदलतं हे खरं. लिग्निन आणि पेशीभित्तीत अडकलेला थोडा नायट्रोजन बुरशीच्या पेशींत येतो आणि तो जनावराला अधिक सहज मिळू शकतो. पण दीडपट प्रथिनं हा त्याचा अर्थ नव्हे.

आता कुठली बुरशी, यावर. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे.

तपकिरी कुज करणाऱ्या बुरशी सेल्युलोज खातात आणि लिग्निन बहुतांशी मागे ठेवतात. आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट. ट्रायकोडर्मा सेल्युलोज तोडण्यात पटाईत. तिची प्रसिद्ध जात ट्रायकोडर्मा रीसी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याचे तंबू आणि कॅनव्हास कुजवताना सापडली होती. विकरांच्या कारखान्यासाठी उत्तम, पण काडावर मोकळी सोडली तर जनावराच्या वाट्याचंच खाते. काही जण ट्रायकोडर्माचं कंपोस्टचं कल्चर वैरणीवर टाकायला सांगतात. तसं करू नये. कंपोस्टमध्ये माल लवकर संपावा हा हेतू असतो, वैरणीत तो टिकायला हवा.

पांढऱ्या कुजीतही फरक आहेत. फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम झपाट्याने वाढते, चाळीस अंशांच्या जवळही खूश असते, पण लिग्निनबरोबर सेल्युलोजही फस्त करते. सेरिपोरिऑप्सिस सबव्हर्मिस्पोरा सावकाश वाढते, मात्र निवडक खाते: लिग्निन जास्त, सेल्युलोज कमी. कागदाच्या लगद्यासाठी लाकडातलं लिग्निन काढायलाही ती वापरून पाहिली गेली. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात वैरणीसाठी या बुरशीवर, शिताके या आळिंबीवर आणि धिंगरीच्या भाईबंदांवर बरंच काम झालं आहे. धिंगरी या दोन टोकांच्या मधली. तिची जमेची बाजू म्हणजे बेणं सहज मिळतं आणि ती खाण्याची आळिंबी आहे.

एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. फॅनेरोकीटीमध्ये लिग्निन फोडण्याचं काम नायट्रोजन संपत आल्यावर सुरू होतं. भरपूर नायट्रोजन दिला तर ती नुसती वाढते, साखर खाते आणि लिग्निनला हात लावत नाही. सगळ्या जातींत हे इतकं ठळक नसतं, पण 'थोडा युरिया टाकला तर बुरशी जोमाने काम करेल' हा अंदाज उलटा पडू शकतो. वर उल्लेख आलेल्या चिलेच्या लाकडातही नायट्रोजन अत्यंत कमी असतो, तो योगायोग नसावा.

~~~

धिंगरीघर

मी आळिंबीच्या बाजूने लिहितो. बरेच जण विचारतात की आळिंबी काढून झाल्यावर उरलेले बेड जनावरांना घालू का.

उत्तर काड कसं निर्जंतुक केलं होतं यावर ठरतं. फॉर्मॅलिन आणि कार्बेंडाझिम (बुरशीनाशक) या रसायनांच्या पाण्यात भिजवलं असेल तर नाही म्हणजे नाही. गरम पाण्याने किंवा वाफेने केलं असेल तरच पुढचा विचार. बटन आळिंबीचं कंपोस्ट तर अजिबात नको, त्यात कोंबडीखत, जिप्सम आणि वरून आच्छादनाची माती असते.

वैरणीसाठीच करायचं असेल तर आळिंबी येऊच देऊ नये. बारीक कोंब दिसण्याआधी थांबवायचं. आळिंबी आली की काडातला नायट्रोजन तिच्यात जातो आणि तोडणीबरोबर बाहेर पडतो. दोन-तीन तोडण्या झालेल्या बेडमध्ये कोरड्या वजनाची घटही मोठी असते आणि राखेचं प्रमाण चढलेलं असतं. बेड जितका जुना, तितकी हिरव्या बुरशीची शक्यता जास्त. आळिंबीही विकू आणि उरलेल्याची उत्तम वैरणही होईल, ही दोन्ही कामं एकाच बेडकडून पूर्ण होत नाहीत. एक मुख्य आणि दुसरं जोडीचं मानावं लागतं.

करण्याची रीत थोडक्यात: काड दोन ते पाच सेंटीमीटर कापून भिजवायचं, ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचं, निथळायचं. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. थंड झाल्यावर बेणं मिसळून भोकं पाडलेल्या पिशव्यांत भरायचं. २५ अंशांच्या जवळपास तापमान, अंधार, हवा खेळती. मोठा ढीग करायचा नाही. बुरशी श्वास घेते तेव्हा उष्णता निघते आणि ढिगाच्या मध्यात तीच बुरशी भाजून मरते. मग तिथे उष्णता सोसणारे नको ते जीव येतात.

~~~

नवशिका

मग मुरघासासारखं खड्ड्यात दाबून झाकून करता येणार नाही का? कमी कटकटीचं होईल.

~~~

धिंगरीघर

नाही. मुरघासात हवा बाहेर काढायची असते, लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू हवेशिवाय काम करतात. इथे बुरशीला हवा लागते, दाबलं तर ती गुदमरेल. दोन्ही एकामागोमाग मात्र जमू शकतं. बुरशीचं काम झालं की माल हवाबंद करायचा, म्हणजे ती तिथेच थांबते. नाहीतर कडक उन्हात वाळवायचं. वेळेवर थांबवलं नाही तर रोज थोडं थोडं वजन उडत राहतं.

~~~

पाचट

धागाकर्त्याशी थोडं असहमत. जिथे काड शेतातच जाळलं जातं, तिथे २५ टक्के घटीचं दुःख कशाला? फुकट जाणाऱ्या मालातून चांगली वैरण मिळाली तर फायदाच. जनावराचं पोट मर्यादित असतं. न पचणारं काड कोठीपोटात जागा अडवून बसतं, म्हणून ते जास्त खाऊही शकत नाही. ६० टक्के पचणारी वैरण पोटात गेली तर त्याच पोटात जास्त ऊर्जा जाईल. तुमच्या ४५ बरोबर ४५ च्या हिशेबात हे दिसत नाही.

~~~

गव्हाण

पाचट, मुद्दा पूर्ण मान्य, आणि महत्त्वाचा आहे. काड मुबलक आणि जनावरं मोजकी असतील तर दर किलोची प्रत बघावी. वैरणीची टंचाई असेल तर एकूण किलो बघावेत, तिथे बुरशीला २५ टक्के देणं परवडणार नाही. दुष्काळी भागासाठी हाच उपाय म्हणून सुचवला जातो, तेव्हा मला काळजी वाटते. पाणी तापवायला इंधन, भिजवायला पाणी, अनेक आठवड्यांचा काळ, आणि शेवटी माल कमी. टंचाईत यातली एकही गोष्ट हाताशी नसते.

~~~

दावण

टंचाईचा विषय निघालाच आहे तर युरिया प्रक्रिया विसरू नका. १०० किलो कोरड्या काडाला ४ किलो युरिया, ४० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, दाबून, हवाबंद करून सुमारे तीन आठवडे. युरियातून अमोनिया निघतो, तो लिग्निन आणि हेमिसेल्युलोजमधले बंध सैल करतो आणि वर नायट्रोजनही देतो. वजनाची घट नगण्य. उघडल्यावर जास्तीचा अमोनिया उडून जाऊ द्यायचा. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही, घोडा-डुक्कर यांना नाही. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं कुठेही ठेवायचं नाही, थोडंसं प्यायलं तरी ते दगावतं.

~~~

सूक्ष्मदर्शी

+१. या दोघांची सांगड घालायचा प्रयत्नही झालेला आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात आधी युरिया प्रक्रिया आणि मग त्या काडावर कोप्रिनस फिमेटेरियस ही बुरशी, अशी दोन टप्प्यांची पद्धत तयार केली होती. कोप्रिनसला अमोनिया आणि वरचा सामू चालतो, त्यामुळे उडून जाणारा अमोनिया बुरशीच्या प्रथिनांत पकडावा ही कल्पना. फार सुंदर कल्पना होती. पण तिथेही बुरशीने सेंद्रिय भाग खाल्लाच, आणि नुसत्या युरिया प्रक्रियेपेक्षा एवढा जास्तीचा खटाटोप करावा असा फरक पदरात पडला नाही.

~~~

रवंथ

हे सगळं रवंथ करणाऱ्यांचं झालं. कोंबड्या आणि डुकरांसाठी बुरशीचा उपयोग आहे का?

~~~

सूक्ष्मदर्शी

आहे, आणि तिथे चित्र अधिक आशादायक आहे. मात्र काडासाठी नाही. सेल्युलोज सुटं केलं तरी कोंबडीला त्याचा उपयोग शून्याजवळ.

तिथे ॲस्परजिलस नायजर आणि ॲस्परजिलस ओरायझी यांची सुरक्षित म्हणून पारखलेली वाणं वापरतात, तीही पेंड, कोंडा, फळांचा चोथा अशा मालावर. धान्य आणि पेंडीतला बराच फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, तो कोंबडीला सोडवता येत नाही. बुरशीचं फायटेज विकर तो मोकळा करतं. नायजरपासून काढलेलं फायटेज १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून खाद्यात मिसळलं जातं. सोयाबीन पेंडीतले ट्रिप्सिन रोधक, म्हणजे प्रथिनं पचू न देणारे घटक, हेही आंबवण्याने कमी होतात. ओरायझी ही फ्लेव्हसची जवळची नातेवाईक, पण अफलाटॉक्सिन करत नाही. म्हणूनच घरगुती पातळीवर 'तशीच दिसणारी' बुरशी पकडून लावण्याचा उद्योग कुणीही करू नये.

फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात तर कागद गिरणीच्या सांडपाण्यातल्या साखरेवर पेसिलोमायसिस ही बुरशी टाक्यांत वाढवून तिचंच प्रथिन जनावरांच्या खाद्यात वापरलं जात होतं. पेकिलो म्हणत त्या प्रक्रियेला. तिथे बुरशी वैरण सुधारत नाही, ती स्वतःच खाद्य होते. गव्हाण यांचा घटीचा हिशेब अशा ठिकाणी वेगळा मांडावा लागेल, कारण सांडपाण्यातली ती साखर जनावराला एरवी मिळणारच नव्हती.

~~~

नवशिका

मला थोड्या काडावर करून बघायचंय. घटीचा आकडा कसा काढू? सुरुवातीचं ओलं वजन आणि शेवटचं ओलं वजन चालेल का?

~~~

गव्हाण

ओलं वजन चालणार नाही. बुरशी साखर जाळते तेव्हा पाणी तयार होतं आणि भोकांतून ते उडतही असतं, त्यामुळे ओल्या वजनावरून काहीच कळत नाही. भिजवण्याआधी थोडा नमुना पूर्ण वाळवून ओलाव्याचे टक्के काढा, शेवटी पुन्हा काढा, दोन्ही वेळचं एकूण वजन कोरड्यावर आणा.

तेवढं जमलं नाही तर राखेवरून हिशेब लावता येतो. बुरशी सेंद्रिय भाग जाळते, खनिजं जाळू शकत नाही. समजा प्रयोगशाळेने आधी राख ८ टक्के आणि नंतर १० टक्के सांगितली. ८ भागिले १० म्हणजे ०.८, म्हणजे १०० किलोचे ८० किलो राहिले, घट २० टक्के. आता पचनीयता ४४ वरून ५२ झाली असेल तर ८० किलोतले ४१.६ किलो पचणारे, आधी ४४ होते. असं उत्तर आलं तर पुढच्या वेळी लवकर थांबवा किंवा बुरशी बदला.

प्रयोगशाळेकडून कोरडा पदार्थ, राख, एनडीएफ (पेशीभित्तीतला एकूण तंतुमय भाग), लिग्निन आणि शक्य असेल तर कोठीपोटातल्या द्रवावरची वायू चाचणी (वैरण पचताना किती वायू निघतो ते मोजणारी) मागा. नुसत्या 'कच्ची प्रथिनं' अहवालावर थांबू नका.

~~~

धिंगरीघर

राखेच्या हिशेबात एक काळजी. पहिला नमुना काड भिजवून, तापवून, निथळल्यानंतरचा घ्या. गरम पाण्यात काही खनिजं आणि विरघळणारी साखर आधीच निघून जाते. भिजवण्याआधीचा नमुना धरला तर पाण्याने नेलेली खनिजं हिशेब बिघडवतील आणि घट आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

~~~

नवशिका

आणि चुन्याच्या निवळीत भिजवलं तर?

~~~

धिंगरीघर

मग चुना काडाला चिकटून राहतो आणि राख वाढवतो. तरीही निथळल्यानंतरचा नमुना घेतला तर दोन्ही वेळा तो चुना सारखाच धरला जाईल, हिशेब चालेल. फक्त खुराकातलं कॅल्शियम ठरवताना तो चुना मोजायला दावणताईंना विचारा.